शेपूट घातलेला आरोपी

आमच्या घरी चपलेचा खटला महिन्यातून दोनदा तरी उभा राहतो. फिर्यादी आई, आरोपी बंड्या. बंड्या म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेलं आणि आता तीन वर्षांचं झालेलं तांबूस देशी कुत्रं. आम्ही बाहेरून येतो, दार उघडतो आणि आईच्या चपलेचा पट्टा सोफ्याखाली सापडतो. बंड्याने तोवर कोपरा धरलेला असतो. कान मागे पडलेले, मान खाली, शेपूट पायांत, नजर भिंतीकडे. "बघ, बघ कसा ओशाळलाय! केलंय ते बरोबर कळतं त्याला," असं म्हणून आई निकाल देऊन टाकते. साक्षीपुरावे लागत नाहीत, चेहरा हाच कबुलीजबाब.

घरात कुत्रं असलेल्या कुणालाही विचारा, हीच गोष्ट फक्त चपलेच्या जागी उशी किंवा रिमोट घालून ऐकायला मिळेल. माझंही मत आईसारखंच होतं. मग एका रविवारी मी जरा आगाऊपणा केला. आई भाजी आणायला गेली होती. मी जुना पेपर घेतला आणि बंड्याच्या डोळ्यांदेखत फाडून हॉलभर पसरला. बंड्याला त्यात काही रस नव्हता, तो पंख्याखाली पसरून बघत होता. मग मी जिन्यात जाऊन थांबलो. आई पिशवी घेऊन आली, कुलूप उघडलं आणि तिच्यामागून मी डोकावलो. बंड्याने जमिनीवरच्या कपट्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि उठून थेट कोपरा गाठला. कान मागे, मान खाली, शेपूट पायांत.

फाडला मी, ओशाळला तो.

एका घरातल्या एका कुत्र्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य. पण हेच काम नीट, शिस्तीत करून झालेलं आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्रे आणि त्यांच्या मालकांना घेऊन एक प्रयोग छापला. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, "खायचं नाही" असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. खोलीत मागे राहिलेली, प्रयोग करणारी बाई कधी तो खाऊ कुत्र्याला स्वतःच भरवायची, कधी उचलून ठेवायची. मालक परत आला की त्याला कधी खरं सांगितलं जायचं, कधी खोटं. म्हणजे काही बिचाऱ्या कुत्र्यांनी खाऊला तोंडही लावलेलं नसताना मालकाची बोलणी खाल्ली आणि काहींनी खाऊनही कौतुक करून घेतलं.

आता तो 'ओशाळलेला' चेहरा कुणी केला? ज्यांनी खाल्लं त्यांनी नाही, तर ज्यांना बोलणी बसली त्यांनी. खाल्लं की नाही, याने चेहऱ्यात फरक पडला नाही. उलट काही न खाता बोलणी बसलेल्या कुत्र्यांचा चेहरा सगळ्यांत जास्त पडला होता.

कुत्र्याला अपराधी वाटतच नाही, असं यातून सिद्ध होत नाही. त्याच्या मनात उतरून बघायची सोय अजून कुणाकडे नाही. सिद्ध होतं ते एवढंच, की आपण ज्या चेहऱ्याला कबुलीजबाब म्हणतो तो आपल्याच आवाजाला आणि अवताराला दिलेला प्रतिसाद आहे. बंड्याच्या डोक्यातलं गणित बहुधा असं असावं: जमिनीवर पसारा आणि दारात आई, ही दोन्ही एकत्र आली की आरडाओरडा होतो. पसारा कुणी केला, हा मुद्दा त्या गणितात नाहीच. कुत्र्याला कृती आणि तिचा परिणाम यांचा संबंध जोडायला दोन्हींमध्ये क्षणभराचंच अंतर चालतं. तीन तासांपूर्वी चघळलेली चप्पल नाकासमोर नाचवून ओरडलं, तर तो एवढंच शिकतो की आई घरी येणं हा कधीकधी धोक्याचा प्रसंग असतो.

गंमत म्हणजे मराठीला हे सगळं आधीपासून माहीत आहे. माणसाने 'शेपूट घातली' असं आपण म्हणतो तेव्हा त्याला पश्चात्ताप झाला असं आपल्याला म्हणायचं नसतं, तो घाबरून मागे हटला असं म्हणायचं असतं. 'गोंडा घोळणं' म्हणजे प्रेम नव्हे, तर वरचढ माणसाची मर्जी राखण्यासाठी केलेलं लाडीगोडीचं वागणं. कुत्र्याच्या शेपटीच्या या दोन्ही अवस्था भाषेने किती अचूक टिपल्यात बघा. एक भीतीची, दुसरी समोरच्याला शांत करण्याची. माणसाबद्दल बोलताना आपण हे शब्द बरोबर वापरतो आणि खरोखरचं शेपूट समोर आलं की त्याचा अर्थ 'चूक कळली' असा लावतो.

कुत्र्याच्या वागण्याचा अभ्यास करणारे या हावभावांना समोरच्याला शांत करण्याच्या खुणा मानतात. मान वळवणं, अंग आक्रसून लहान होणं, एक पंजा उचलणं, पोट दाखवत कलंडणं, शेपूट खाली ठेवून भराभर हलवणं. सगळ्यांचा मथितार्थ एकच: मी भांडायला आलेलो नाही, तूही शांत हो. त्यात दोन खुणा अशा आहेत ज्या आपण हमखास चुकीच्या वाचतो. एक जांभई. "मी एवढा बोलतोय आणि हा जांभया देतोय!" हे वाक्य मी स्वतः बंड्याला उद्देशून म्हटलेलं आहे. झोप आलेली नसताना आलेली जांभई बऱ्याचदा ताणाची असते. दुसरी खूण जिभल्या चाटण्याची. समोर खायला काही नसताना जीभ पटकन नाकावर फिरून आत गेली, तर तेही अस्वस्थपणाचंच लक्षण.

मागच्या मे महिन्यात आत्याचा सहा वर्षांचा नातू आला होता. त्याने बंड्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकून मिठी मारली, सगळ्यांनी "किती गोड" म्हणत मोबाइल काढले आणि फोटो फॅमिली ग्रुपवर गेला. रात्री मी तो फोटो मोठा करून पाहिला. मुलगा हसतोय. बंड्याचं तोंड गच्च मिटलेलं आहे, मान मुलापासून शक्य तितकी दूर वळवलेली आहे आणि डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतोय. अंग ताठ आहे. तो चावला नाही, हा त्याचा चांगुलपणा. आमच्यापैकी एकानेही तो चेहरा त्या वेळी पाहिला नव्हता. कुत्रे एकमेकांना मिठी मारत नाहीत. गळ्यावर कुणीतरी ओणवं होऊन आवळणं ही त्यांच्या लेखी माया नसते. सवय झालेले बरेच कुत्रे ते चालवून घेतात, एवढंच.

याच ओघात 'भुंकेल तो चावेल काय' या म्हणीबद्दल. माणसांबाबत ती खरी असेल, कुत्र्यांबाबत तिच्यावर विसंबू नका. भुंकणारा कुत्रा चावू शकतो. मात्र भुंकणं आणि त्याहून जास्त गुरगुरणं हा इशारा असतो आणि इशारा मिळणं हे आपल्या फायद्याचंच. घरोघरी उलटं घडतं. कुत्रा ताटलीजवळ गुरगुरला की त्याला फटका बसतो, "माझ्यावर गुरगुरतोस?" असं दोन-चार वेळा झालं की गुरगुरणं बंद होतं आणि घरच्यांना वाटतं, सुधारला. अस्वस्थता तशीच असते, फक्त घंटा काढून टाकलेली असते. मग एक दिवस तो 'काही कारण नसताना, अचानक' चावतो.

फटका मारणाऱ्यांच्या मागे एक छापील तत्त्वज्ञानही असतं: कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या टोळीत एक 'अल्फा' म्हणजे सगळ्यांना दाबात ठेवणारा म्होरक्या असतो, तेव्हा घरात अल्फा कोण हे त्याला दाखवून द्यायला हवं. ही कल्पना आली ती बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून. रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर १९४७ साली लिहिलं होतं. अनोळखी जनावरं एका पिंजऱ्यात कोंडली की मारामाऱ्या होणारच. लोकल ट्रेनच्या डब्यावरून मराठी कुटुंबव्यवस्थेबद्दल निष्कर्ष काढण्यासारखं ते झालं. डेव्हिड मेक या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकातून ही कल्पना जगभर पसरली. पुढे कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समेअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं जवळून पाहिल्यावर मेक यांनीच १९९९ साली लिहिलं की लांडग्यांची टोळी म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे अल्फा म्हणजे नुसते आईबाप. आपलं जुनं पुस्तक आता छापू नका म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. स्वतःची चूक एवढ्या उघडपणे मान्य करणारा माणूस मला आवडतो. त्यांनी मागे घेतलेलं मत आपल्याकडचे काही ट्रेनर अजून फी घेऊन शिकवतात, ते मात्र आवडत नाही.

बरं, भीती आणि गोंडा घोळणं एवढंच असेल तर मग या नात्यात उरतं काय? नुसता भाकरतुकड्याचा व्यवहार?

इथे थोडं मागे जावं लागेल. १९१४ साली जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे दगडाच्या खाणीत एक दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचं पिल्लू. वय सुमारे १४ हजार वर्षं. म्हणजे शेती नाही, गाव नाही, राखायला गोठा नाही, तेव्हाची गोष्ट. अलीकडे त्या पिल्लाचे दात नव्याने तपासले तेव्हा लक्षात आलं की त्याला बहुधा डिस्टेंपर झाला असावा, तोच आजार ज्याची लस आज आपण पिल्लांना टोचून घेतो. ते सात महिन्यांच्या आसपास मेलं, पण त्याआधी काही आठवडे आजार झेलत जगलं होतं. एवढ्या आजारात कुणी पाणी पाजल्याशिवाय, पुसल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय पिल्लू जगत नाही. शिकारीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरी कुणीतरी ते केलं.

या दीर्घ सहवासाने कुत्रा आतून-बाहेरून बदलला. माणसाळण्याने शरीर कसं बदलतं याचा प्रसिद्ध प्रयोग कुत्र्यांवर झालेला नाही, तो झाला कोल्ह्यांवर. सैबेरियातल्या नोवोसिबिर्स्कमध्ये दिमित्री बेल्याएव यांनी १९५९ मध्ये फरसाठी पाळलेले रुपेरी कोल्हे घेतले आणि दर पिढीत फक्त माणसाला कमी घाबरणारे, कमी चावरे कोल्हे पुढच्या पैदाशीसाठी निवडले. बाकी कसलीही निवड नाही. नंतर हे काम ल्युदमिला त्रुट यांनी पुढे नेलं. काही पिढ्यांतच माणूस दिसला की शेपूट हलवणारे, कुईकुई करत हात चाटणारे कोल्हे जन्मले. आणि सोबत काहींचे कान लोंबू लागले, अंगावर पांढरे ठिपके आले, शेपट्या वर वळू लागल्या. मूळचे कोल्हे आधीच पिढ्यान्‌पिढ्या फार्मवर पाळलेले होते, त्यामुळे या शारीरिक बदलांचं श्रेय या निवडीला किती द्यायचं यावर वाद आहे. पण स्वभावातला बदल पक्का आहे. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपण कुत्सितपणे म्हणतो. ते वाकडेपण कदाचित माणसाच्या सोबतीचीच निशाणी असेल.

कुत्र्याच्या भुवईचंही असंच. भुवईची आतली कड वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यांमध्ये ठळक असतो, लांडग्यांमध्ये जेमतेम किंवा नसल्यासारखाच. हे २०१९ च्या एका शवविच्छेदनाच्या अभ्यासातून पुढे आलं. ती कड उचलली की डोळे मोठे, बाळासारखे, किंचित रडवेले दिसतात. पोळीचा शेवटचा घास माझ्या तोंडापाशी आलेला असताना बंड्या जो चेहरा करतो, तोच. आपण ज्याला विरघळतो ते कुत्रे आपण हजारो वर्षं जवळ ठेवत गेलो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आणि ते डोळे एकतर्फी काम करत नाहीत. जपानच्या अझाबू विद्यापीठात २०१५ मध्ये असं दिसलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे जास्त वेळ शांतपणे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाची नजरानजर होते तेव्हा कामाला लागतं ते हेच हार्मोन. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये तसं काही झालं नाही. लांडग्याकडे टक लावून बघणं ही धमकी असते.

मला यातला सगळ्यांत आवडता प्रयोग बुडापेस्टमधला आहे, २००३ सालचा. अॅडम मिक्लोशी आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या हातावर वाढलेल्या लांडग्यांना आणि कुत्र्यांना दोरी ओढून मांस बाहेर काढायला शिकवलं. मग एक दिवस दोरी गुपचूप पक्की बांधून टाकली. लांडगे ओढत राहिले, कुरतडत राहिले. कुत्र्यांनी थोडं ओढलं, थांबले आणि मागे वळून आपल्या माणसाकडे बघितलं. बस. आपल्याला जमत नाही म्हटल्यावर 'आता तू बघ काहीतरी' हे त्यांना सुचतं. बंड्याचा चेंडू फ्रिजखाली गेला की तो फ्रिजकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा, असं आळीपाळीने बघतो. फ्रिज मलाच सरकवावा लागतो.

हे काही फक्त सोफ्यावर वाढलेल्या कुत्र्यांचं नाही. कोलकात्याजवळच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात. कुणी न शिकवलेल्या या कुत्र्यांना अनोळखी माणसाने दोन भांड्यांपैकी एकाकडे बोट दाखवलं. निम्मे जवळच आले नाहीत, आणि आपल्या रस्त्यांवर त्यांना जे भोगावं लागतं ते पाहता ते शहाणपणाचंच. पण जे आले त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी बोटाचा रोख बरोबर ओळखला. त्याच गटाच्या आणखी एका अभ्यासात, अनोळखी माणसाकडून वारंवार खाऊ मिळालेल्या कुत्र्यांपेक्षा डोक्यावरून हात फिरवून घेतलेल्या कुत्र्यांनी त्या माणसावर जास्त विश्वास टाकला. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी बसणारा कुत्रा फक्त बिस्किटासाठी येतो, असं म्हणणाऱ्यांनी एकदा बिस्किटाशिवाय त्याच्याजवळ बसून बघावं.

मांजरांबद्दल इतकं लिहिलं नाही म्हणून मांजरवाले रागावतील. त्यांची कैफियत खरी आहे. मांजराचं नातं वेगळ्या वाटेने आलं. धान्य साठवलं, उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं आणि राहिलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे, म्हणजे ओळख जुनीच. फक्त मांजराला हुकूम पाळायला कुणी कधी निवडलं नाही. 'ती स्वार्थी असते' हा आरोप मात्र टिकत नाही. टोकियोतल्या एका अभ्यासात मांजरांना मालकाचा आवाज अनोळखी आवाजांपेक्षा वेगळा ओळखता आला. कान वळले, डोकं वळलं. उठून कुणी आलं नाही, हा भाग निराळा. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत, ती भाषा मुख्यतः माणसासाठी राखून ठेवलेली असते.

मांजर डोळे मिटून दूध पितं, कुणी बघत नाही असं तिला वाटतं, ही म्हणही जरा तपासून घ्यायला हवी. मांजराने तुमच्याकडे बघत डोळे हळूच बारीक करून मिटले, पुन्हा उघडले, तर ती निवांत असल्याची खूण असते. तुम्हीही तसेच सावकाश डोळे मिटून बघा. अनोळखी माणसाने असं केल्यावर मांजरं जवळ यायला जास्त तयार होतात, हे २०२० मध्ये इंग्लंडमध्ये करून पाहिलेलं आहे. आणि मांजराने गादीवर लघवी केली तर ती 'डूक धरून सूड' घेत नसते. ट्रे घाण असेल, घरात काही बदललं असेल किंवा लघवीच्या जागी आजार असेल. बोका पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मूत्रमार्ग तुंबला तर तो जिवावर बेततो. सूडाची कथा रचत बसलो तर नेमका हाच वेळ जातो.

तर चपलेचा खटला. दिवाळीनंतर एकदा मी जुना मोबाइल शू-रॅकवर टेकवून, रेकॉर्डिंग चालू करून निघालो. संध्याकाळी आईला सोबत घेऊन बघितलं. दार बंद होतं. बंड्या दाराशी कान टवकारून बसतो. मग उठतो, खिडकीपाशी जातो, परत दाराशी. धापा टाकतोय, पंखा चालू असतानाही. बाराव्या मिनिटाला तो तोंड वर करून एक लांब सूर काढतो, जो आम्ही घरी असताना कधीच ऐकलेला नव्हता. मग शू-रॅक हुंगतो. माझे बूट सोडून देतो, बाबांच्या सँडल सोडून देतो, आईची चप्पल उचलतो, दारापाशी नेऊन ठेवतो आणि तिच्यावर हनुवटी टेकून पडतो. चघळायला सुरुवात होते ती बऱ्याच वेळाने.

आई काही बोलली नाही. तिने व्हिडिओ तेवढाच भाग मागे नेऊन परत बघितला.

आता चपला कपाटात असतात. महिनाभर आम्ही दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं असं थोडं थोडं बाहेर जाऊन परत यायची सवय लावली. येताजाताना निरोपाचा सोहळा करायचा नाही, आल्यावर ओरडायचं नाही. लांब जायचं असेल तेव्हा आई अंगावरून उतरवलेली सुती साडी घडी घालून दारापाशी ठेवते, न धुतलेली. परवा तिचा पदर फाटलेला मिळाला. बंड्या कोपऱ्यात गेला नव्हता. साडीवरच झोपला होता, उठायलाही तयार नव्हता.

"लबाड आहे," आई म्हणाली आणि दुसरी साडी शोधायला आत गेली.